आधी की बरोबर? ब्रेकिंग बातम्यांबद्दल खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आमच्या डेस्कवर रोज फोन येतात. बातमी उशिरा का आली, आकडा का बदलला, व्हिडिओ का टाकला नाही, असे ते प्रश्न असतात. काही वाचकांचे, काही तालुक्याला काम करणाऱ्या तरुण वार्ताहरांचे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे तसा क्रमांक दिला आहे.

१. ब्रेकिंग बातमी नेमकी कशाला म्हणायचं?

जी घटना अजून घडते आहे आणि जिचे तपशील पुढच्या तासाभरात बदलणार आहेत, तिची बातमी. महामार्गावर अपघात होऊन वाहतूक बंद पडली, तापीला पूर आला, मतमोजणी सुरू आहे, या ब्रेकिंग. मंत्र्यांचा दौरा ठरला, ही साधी बातमी. लाल पट्टी लावल्याने ती तातडीची होत नाही. आमच्या डेस्कवर एकच प्रश्न विचारला जातो: हे वाचून कुणाला आत्ता काही करावं किंवा टाळावं लागणार आहे का?

२. टीव्हीवर अर्धा तास बातमी चालू आहे, तुमच्याकडे अजून का नाही?

बहुतेक वेळा कारण हेच असतं की घटनास्थळाशी संबंध असलेल्या एकाही माणसाशी आमचं बोलणं झालेलं नसतं. टीव्हीवर दिसतं म्हणून घेतलं, तर ती टीव्हीची बातमी झाली. एका वाहिनीने दिलं, दुसरीने तिच्यावरून घेतलं, तिसरीने दुसरीवरून. तीन ठिकाणी दिसलं तरी मूळ एकच फोन असतो, आणि तो फोन चुकीचा असेल तर तिन्ही चुकतात. वाचकाला मात्र वाटतं, तिघे सांगतात म्हणजे खरंच असणार.

दुसरं कारण साधं आहे, आमची माणसं कमी आहेत. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ या भागात मोबाइलला रेंज मिळेपर्यंत वार्ताहराला कधी कधी टेकडी चढून जावं लागतं. तिथली बातमी उशिरा येते. तो उशीर आम्हाला मान्य आहे.

३. 'पुष्टी झाली' असं लिहिता, म्हणजे कुणाला विचारता?

घटना कोणती, यावर ते ठरतं. अपघात असेल तर ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत झाला तिथले ठाणे अंमलदार, जखमींना नेलेलं ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय, आणि गावचे पोलीस पाटील. पूर असेल तर पाटबंधारे विभाग आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष. रेल्वेचं काही असेल तर भुसावळ विभागाचे अधिकारी. एसटीचं असेल तर आगार.

'दोन ठिकाणांहून पुष्टी' या शब्दांत एक फसगत आहे, नवीन वार्ताहरांनी ती लक्षात ठेवावी. पोलीस पाटलांनी सांगितलं आणि सरपंचांनीही सांगितलं, पण सरपंचांना ते पाटलांकडूनच कळलं असेल, तर स्रोत एकच. म्हणून प्रत्येकाला पुढचा प्रश्न विचारायचाच: तुम्ही स्वतः पाहिलं, की तुम्हाला कुणी सांगितलं?

४. मृतांचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा का असतो? कुणीतरी खोटं बोलतंय का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

२२ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी पाचोरा तालुक्यात माहेजी आणि परधाडे स्थानकांदरम्यान पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, माणसं घाबरून रुळांवर उतरली आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडली. त्या रात्री ११, १२ असे आकडे फिरले, दुसऱ्या दिवशी १३ झाला. कुणी मुद्दाम खोटं बोलत होतं असं नाही. अशा ठिकाणी मोजणीच अवघड असते. काही जण जागीच जातात, काही रुग्णवाहिकेत, काही उपचार सुरू असताना. जखमी एकाच रुग्णालयात जात नाहीत. कोण पाचोऱ्याला, कोण जळगावला. पोलीस जागेवरचे मृतदेह मोजतात, रुग्णालय आपल्याकडे आलेले मोजतं, आणि दोन्ही याद्या जुळवायला रात्र जाते. छिन्नविच्छिन्न मृतदेहांच्या बाबतीत तर डॉक्टरांच्या तपासणीशिवाय संख्या सांगताच येत नाही. मृतांत नेपाळचे नागरिकही होते. त्यांची ओळख पटवायला आणखी वेळ गेला.

एसटीच्या अपघातात वेगळी अडचण येते. १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला निघालेली बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. त्यात १२ जणांचा जीव गेला, पण गाडीत किती माणसं होती याचे आकडे दिवसभर खालीवर होत राहिले. वाहकाच्या तिकीट यंत्रात विकलेली तिकिटं असतात. नुकताच चढलेला, तिकीट अजून न काढलेला प्रवासी त्यात नसतो. आधीच उतरलेला माणूस कधी कधी 'बेपत्ता' म्हणून मोजला जातो. अमळनेर, चोपडा भागातल्या किती घरांत त्या दिवशी आपला माणूस त्या गाडीत होता की नव्हता, याच विचारात तास गेले असतील. अशा वेळी 'पन्नास प्रवासी बुडाले' असं अंदाजाने लिहिणं क्रूरपणाचं आहे. एरवी मी इतका कडक शब्द वापरत नाही.

म्हणून आमचा नियम असा: आकडा देताना कुणाचा आणि किती वाजेपर्यंतचा हे त्याच वाक्यात यायला हवं. 'रात्री साडेनऊपर्यंत जिल्हा प्रशासनाच्या माहितीनुसार' एवढे शब्द वाढले तर वाढू द्या.

५. मग आकडा पक्का होईपर्यंत बातमी द्यायचीच नाही का?

द्यायची, आणि लगेच द्यायची. जेवढं माहीत आहे तेवढीच द्यायची. 'परधाडेजवळ रेल्वे अपघात, अनेक जण दगावल्याची भीती, जखमींना पाचोरा आणि जळगावला हलवत आहेत, भुसावळ मार्गावरच्या गाड्या रखडल्या' एवढं पहिल्या पाच मिनिटांत सांगता येतं आणि त्यातलं काही मागे घ्यावं लागत नाही. नातेवाइकाला त्या क्षणी कुठे जायचं, कुणाला फोन करायचा हे हवं असतं. आकडा अर्ध्या तासाने आला तरी चालतो.

एकेका शब्दाची काळजी मात्र पहिल्या ओळीपासून घ्यावी लागते. 'आगीमुळे' आणि 'आगीच्या अफवेमुळे' यांत फार थोडं अंतर दिसतं, पण पहिला शब्द वापरला तर जी अफवा त्या माणसांच्या जिवावर उठली तीच आपण पुढे नेतो.

६. 'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणजे काय? विश्वास ठेवायचा का?

सूत्र कोण, हे संपादकाला माहीत असेल आणि त्या माणसाचं नाव उघड झाल्यास त्याला खरोखर त्रास होणार असेल, तर हा शब्द चालतो. भ्रष्टाचाराच्या बातमीत तो लागतो. अपघात, पूर, आग यांत सूत्रांची गरज जवळजवळ कधीच नसते, तिथे अधिकारी नावानिशी बोलतात. अपघाताच्या बातमीत 'सूत्र' दिसलं, तर ती ऐकीव माहिती असण्याची शक्यता धरून चाला. 'असे समजते', 'असे बोलले जाते' हेही त्यातलेच.

७. माझ्याकडे व्हिडिओ आहे, मी स्वतः पाठवतोय, तरी लगेच का टाकत नाही?

तुम्ही स्वतः काढला असेल तर बहुतेक वेळा टाकतो. आधी तीन गोष्टी विचारतो: कुठे काढला, किती वाजता काढला, मूळ फाइल आहे का. फॉरवर्ड होऊन आलेल्या व्हिडिओत या तिन्ही गोष्टी हरवलेल्या असतात.

हतनूर धरणाचं उदाहरण दर पावसाळ्यात येतं. धरणाला ४१ दरवाजे आहेत. विदर्भात आणि मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला की पूर्णा आणि तापीला पाणी येतं, दरवाजे उघडतात, आणि त्याच दिवशी मागच्या एखाद्या वर्षाचा धडकी भरवणारा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरू लागतो. दरवाजे उघडलेले असतात हे खरं, म्हणून व्हिडिओही खरा वाटतो. पण दरवाजे अर्धा मीटर उघडणं आणि पूर्ण उघडणं यात हजारो क्युसेकचा फरक असतो. खालच्या गावातला माणूस व्हिडिओतलं पाणी बघून ठरवतो की गुरं सोडायची की नाही.

घरी तपासायचं असेल तर व्हिडिओ थांबवून एका चित्राचा स्क्रीनशॉट काढा आणि गुगल लेन्समध्ये टाका. जुना असेल तर बऱ्याचदा तिथेच सापडतो. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक, माणसांचे कपडे बघा. जानेवारीच्या अपघातात कुणी छत्री धरून उभं असेल, तर काहीतरी चुकतंय.

८. पुराच्या इशाऱ्यातही इतकी वाट बघता का? तोवर पाणी घरात येईल.

नाही. इथे नियम उलटा होतो. जीव वाचवणारी सूचना असेल तर एकाच अधिकृत स्रोतावर बातमी लगेच जाते, दुसऱ्या पुष्टीसाठी थांबत नाही. इशारा देऊन पाणी आलं नाही, तर लोकांची एक रात्र खराब होते. इशारा न देता पाणी आलं, तर काय होतं हे गिरणा, पांझरा आणि तापीकाठच्या लोकांना सांगायला नको.

तरी दोन गोष्टी पाहाव्याच लागतात. एक, विसर्ग कुठल्या धरणातून आणि किती. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी जळगाव जिल्ह्यात येतं, त्यामुळे निर्णय एका जिल्ह्यात होतो आणि सावध दुसऱ्या जिल्ह्याला व्हावं लागतं. दोन, पाणी सोडलं किती वाजता. 'मोठा विसर्ग सुरू' एवढंच लिहिलं तर शिंदखेड्याचा माणूस आणि भुसावळचा माणूस एकाच वेळी पळत सुटतील, प्रत्यक्षात दोघांकडे पाणी वेगवेगळ्या वेळी पोचणार असतं. 'धरण फुटलं' हा शब्दप्रयोग मात्र पाटबंधारे विभाग स्वतः सांगेपर्यंत आमच्याकडे कुणीही टाइप करायचा नाही. त्या दोन शब्दांनी पळापळ होते आणि पळापळीत माणसं मरतात. का, ते प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

९. गावात अफवा फिरतेय, तिची बातमी देऊन खोडून काढायची की गप्प बसायचं?

या प्रश्नाला खान्देशात एक तारीख जोडलेली आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्या काळात मुलं पळवण्याचे संदेश आणि व्हिडिओ देशभर फिरत होते. त्यातला एक गाजलेला व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फितीचा कापलेला तुकडा होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

त्यानंतर आम्ही ठरवलं. अफवा एका-दोन ग्रुपवरच असेल तर तिची बातमी करत नाही. खोडून काढण्याच्या निमित्ताने ती ज्यांना माहीतच नव्हती त्यांच्यापर्यंत आपणच पोचवतो. पोलिसांना कळवतो आणि लक्ष ठेवतो. अफवा पसरली असेल, लोक रात्री काठ्या घेऊन जागत असतील, तर मात्र गप्प बसणं चूक आहे. तेव्हा मथळ्यातच खरी गोष्ट लिहायची: 'तालुक्यात मुलं पळवल्याची एकही तक्रार नाही, पोलिसांची माहिती'. 'मुलं पळवणारी टोळी आली?' असं प्रश्नचिन्ह लावलेलं शीर्षक कधीही नाही. बरेच लोक फक्त मथळा वाचतात, आणि प्रश्नचिन्ह कुणाला दिसत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर मराठी बातमीपेक्षा भिलोरी किंवा पावरी बोलीत सांगितलेला पोलीस पाटलांचा छोटा ऑडिओ जास्त उपयोगी पडतो. तो आम्ही पुढे पाठवतो.

१०. मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी सगळ्यांनी दिली आणि ती खोटी निघाली, असं कसं होतं?

घाईमुळे होतं, आणि कधी कधी फार मोठ्या माणसाच्या तोंडूनही होतं. मार्च १९७९ मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्यांच्या निधनाची बातमी संसदेत सांगितली, सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. जेपी हयात होते, ते गेले ८ ऑक्टोबर १९७९ ला. डिसेंबर २०१६ मध्ये जयललितांचं निधन काही वाहिन्यांनी काही तास आधीच जाहीर केलं, पक्ष कार्यालयावरचा झेंडाही अर्ध्यावर आणून पुन्हा वर नेला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र यांच्याबाबत तेच झालं, घरच्यांना नकार द्यावा लागला, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ते खरोखर गेले.

आम्ही यातून एवढंच घेतलं: निधनाची बातमी घरचे किंवा उपचार करणारं रुग्णालय यांपैकी एकाने सांगितल्याशिवाय नाही. पक्षाचा पदाधिकारी, मंत्री, जवळचा कार्यकर्ता, कुणीही असो. गावातल्या साध्या माणसालाही हाच नियम. त्याची मुलगी सुरतला असेल, तर तिला वडील गेल्याचं आमच्या पोस्टवरून कळता कामा नये.

११. आरोपीचं नाव, जात, गाव सगळ्यांना माहीत आहे, तुम्ही का लपवता?

पहिल्या काही तासांत पोलिसांनी ज्याला चौकशीला नेलं तो संशयित असतो, आरोपी नव्हे. तो सुटून घरी आला तरी बातमी सुटत नाही. जात-धर्माचा गुन्ह्याशी संबंध नसेल तर तो आम्ही लिहित नाही, आणि तणावाच्या काळात तर मुळीच नाही.

पीडितेबाबत मात्र कायदाच स्पष्ट आहे. बलात्कार पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागू होतं. ओळख फक्त नावाने पटते असं नाही. 'अमुक गावच्या माजी सरपंचांची पुतणी' एवढ्यानेही गावाला कळतं. पीडितेचा मृत्यू झाला तरी ही बंदी उठत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे.

१२. मतमोजणीत 'विजयी' लवकर का लिहीत नाही?

निवडणूक निर्णय अधिकारी जाहीर करेपर्यंत तो उमेदवार आघाडीवर असतो. शेवटच्या फेरीनंतरही प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच मतदान केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. फरक थोडा असेल तर फेरमोजणीची मागणी येते. गुलाल आधी उधळला गेला, हा पुरावा नाही.

१३. केळीचे, कापसाचे, सोन्याचे भाव तरी लगेच टाका ना?

टाकतो, पण बाजार आणि वेळ लिहून. रावेरचा केळीभाव कुठल्या दिवसाचा हे नसलेला संदेश व्यापारी आणि शेतकरी दोघांनाही खड्ड्यात घालतो. कालचा चढा भाव आजचा म्हणून फिरला, तर शेतकरी कापणी थांबवतो, आणि घड त्याच्यासाठी थांबत नाहीत.

१४. मी तालुका वार्ताहर आहे. मानधन तुटपुंजं, त्यात ऑफिसमधून 'दुसऱ्याने दिली, तू कुठे होतास' असा फोन येतो. मी काय करू?

हा प्रश्न वाचून मला वाईट वाटतं, कारण मीही तो फोन ऐकला आहे. घाईचा दोष शेवटच्या माणसावर ढकलला जातो, आणि घाई मात्र वरून येते. डेस्कवर बसलेल्यांनी वार्ताहराला 'दिली का?' या आधी 'कुणाशी बोललास?' असं विचारायला हवं.

तुमच्या हातात जे आहे ते सांगतो. पहिल्या मिनिटात डेस्कला तीन वाक्यं पाठवा: मी काय पाहिलं, मला कुणी काय सांगितलं, काय अजून माहीत नाही. तिसरं वाक्य लिहायला लाजू नका. ते लिहिलं असेल, तर चूक झाल्यावर तुमचं नाव पुढे करता येत नाही. पोलीस ठाणी, ग्रामीण रुग्णालय, आगार, पोलीस पाटील यांचे क्रमांक वहीत लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी संपली तरी वही चालते.

१५. चुकीची बातमी गेली तर तुम्ही गुपचूप डिलीट करता का?

नाही. दुरुस्ती करतो, वर 'दुरुस्ती' असं लिहितो आणि काय चुकलं होतं तेही लिहितो. पोस्ट नुसती काढून टाकली, तर ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांच्याकडे चूक तशीच राहते. बातमी ज्या ग्रुपवर गेली त्याच ग्रुपवर दुरुस्तीही जाते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. रात्री उशिरा एका तरुणाच्या अपघाती मृत्यूची बातमी आली, गावाचं नाव पिंप्री. आमच्याकडे या नावाची गावं एकापेक्षा जास्त तालुक्यांत आहेत. मी तालुका विचारला नाही, गृहीत धरला. दुसऱ्या पिंप्रीत एका घरचा मुलगा त्याच रस्त्याने मोटारसायकलवर यायचा होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. पहाटे तो सुखरूप पोचला. सकाळी त्याच्या वडिलांचा मला फोन आला. ते रागावले नाहीत. 'त्याची माय रातभर ओट्यावर बसेल होती' एवढंच म्हणाले. तेव्हापासून तालुक्याशिवाय गावाचं नाव आमच्या डेस्कवरून पुढे जात नाही.

१६. चुकीच्या बातमीची तक्रार कुठे करायची?

आधी संपादकाला लेखी कळवा. वर्तमानपत्राने दाद दिली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येतं. ती ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. टीव्ही वाहिनीबद्दल असेल तर आधी वाहिनीला लिहा, मग वाहिन्यांच्या एनबीडीएसए या स्वनियंत्रण मंडळाकडे. मात्र सगळ्याच वाहिन्या त्याच्या सदस्य नाहीत. बातमीचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह लगेच काढून ठेवा.

१७. तुम्ही थांबलात आणि बातमी खरीच निघाली, तर वाईट नाही वाटत?

वाटतं. दुसऱ्याने आधी दिली, लोकांनी तिकडे वाचली, हे बोचतंच. आमचे वाचक थोडे गेलेही असतील.

पण पुष्पकच्या रात्रीनंतर एक गोष्ट सुरू झाली. इतर ठिकाणी काही वाचलं की लोक आम्हाला फोन करून विचारतात, 'भो, खरं शे का?' (भाऊ, खरं आहे का?) कधी साक्रीहून, कधी यावलहून, कधी रात्री अकरा वाजता. तो फोन उचलणारा माणूस डेस्कवर असावा म्हणून आम्ही रात्रपाळी एका माणसाने वाढवली आहे.